कॅरेटवरचा नंबर

शेवटी आमंत्रण घेऊन पंजाबराव स्वतःच आले. थोरल्या गजेंद्रभाऊंच्या घरून धाकट्या शेखरच्या घरी यायला विडी पेटवली तर ती संपायच्या आत माणूस पोचतो, पण वाटणी झाल्यापासून दोन वर्षांत ते अंतर कुणी चाललं नव्हतं. म्हातारा बाप थोरल्याकडे जेवायचा, धाकट्याच्या मळ्यावर दुपारी येऊन बसायचा आणि दोन्हीकडे दुसऱ्याचं नाव काढायचा नाही. आज त्यांनी पांढरंशुभ्र धोतर नेसलं होतं. काम सरकारी आहे, हे शेखरच्या बायकोने, रूपालीने, तेवढ्यावरून ओळखलं.

"येत्या रविवारी प्रणालीचं साक्षगंध हाय," पाण्याचा गडू खाली ठेवत पंजाबराव म्हणाले. "पातूरचे पाहुणे येऊन राहिले. तुमी दोघं याचं."

शेखर ओसरीवर शेवंतीची फुलं निवडत होता. पुतणीच्या साखरपुड्याचं ऐकूनही त्याने मान वर केली नाही. "आवतन द्याले भाऊ नाही आला? पायाले मेंदी लागली का त्याच्या?"

"मी आलो ना. मी मेलो नाही अजून."

"मी कुठं तसं म्हटलं, बाबा?"

"मंग झालं तर. पोरीच्या साक्षगंधाले सख्खा काका नसन, तर पातूरवाले इचारतीन. त्यायले काय सांगू, कॅरेटावरून भांडले म्हणून?"

शेखरने एक किडकं फूल बाजूला टाकलं. रूपालीने पदर सावरला आणि सासऱ्यांना हळूच विचारलं, "मामाजी, रविवार सोडून दुसरा वार नव्हता?"

पंजाबरावांनी सुनेकडे पाहिलं. रविवार म्हणजे काय, ते त्यांनाही ठाऊक होतं.

रूपालीच्या मुलाला, विपुलला, जबलपूरला जाऊन चार आठवडे होत आले होते. दिवाळी झाली आणि पोरगा अग्निवीर म्हणून फौजेच्या ट्रेनिंगला गेला. तिथे पोचताच मोबाईल जमा. पहिला रविवार बोलायचा नाही. पुढे दर रविवारी चार ते पाच या तासात उस्तादच्या, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्या हवालदाराच्या, फोनवरून प्रत्येकाला पाच मिनिटं, असं त्याने जायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. त्याप्रमाणे दोन रविवार आले आणि गेले. रूपाली चार वाजता फोन मांडीवर घेऊन बसायची. साडेचारला शेखर फोनची बॅटरी बघून जायचा, पावणेपाचला रेंज. पाच वाजले की दोघंही एकमेकांकडे न बघता उठायची. तेवढ्यात शेजारच्या शेषरावांची बायको हमखास कुंपणापाशी यायची. तिच्या बहिणीचा नितेश नाशकाला ट्रेनिंगला होता आणि तो दर रविवारी न चुकता बोलायचा. "तुमच्या विपुलचा नाही आला का व? येईन, येईन," असं ती म्हणायची, आणि त्या 'येईन'मध्येच मेलं सगळं असायचं.

रूपालीने तगून राहायचे आपले उपाय काढले होते. पोरगा पहाटे साडेचारला उठत असणार, म्हणून तीही साडेचारला उठायची. त्याचे पळायचे बूट आठवड्याला उन्हात ठेवून परत पेपरात गुंडाळायची. शेखरचं वेगळंच होतं. ज्या रस्त्यावर विपुल सोळाशे मीटर पळायचा, त्या नांदगाव पेठेच्या बाजूच्या रस्त्याने तो रोज सकाळी काही काम नसताना गाडी घेऊन एक चक्कर मारून यायचा. कुठे गेला होता म्हणून रूपाली विचारत नसे. तो मात्र एका गोष्टीवरून रोज कुरकुरायचा: ही बाई हल्ली दाराला कडी लावत नाही, नुसतं लोटून घेते. "चोर येईन एखांद्या दिवशी," तो म्हणायचा. "येऊ द्या," ती म्हणायची.

त्या दाराचं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. बडनेऱ्याच्या फलाटावर गाडी सुटताना तिला रडू फुटेल असं वाटलं आणि रडू आवरायला म्हणून ती पोराला भलतंच बोलून बसली होती: "पुरा होऊनच ये. अर्ध्यातून पळून आला तर दरवाजा उघडनार नाही मी." विपुलने हसून मान हलवली आणि गाडी गेली. तेव्हापासून ते वाक्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं. पोराला तिथे झेपत नसेल, आईला सांगायची चोरी, म्हणून तो फोनच करत नसेल, असं तिच्या मनाने घेतलं होतं. तिला एकदाच, पाच मिनिटं, ते वाक्य परत घ्यायचं होतं.

"मुहूर्त भटजीनं काढला, बाई, मी नाही," पंजाबराव म्हणाले. "फोन संगं घेऊन ये. आपल्या गावात रेंज काय तुह्याच घरी येते?"

*

भांडणाचं मूळ खरंच कॅरेटं होती. सांगायला लाज वाटावी इतकं ते साधं. दोघा भावांची फुलं एकत्र होती तेव्हा अमरावतीच्या नि अकोल्याच्या बाजारात माल जायचा तो चारशे प्लास्टिकच्या कॅरेटांतून. रिकामी कॅरेटं परत यावीत म्हणून प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने 'भोयर बंधू' आणि खाली गजेंद्रभाऊंचा मोबाईल नंबर. वाटणीत कॅरेटं दोनशे-दोनशे झाली. नंबर काही कापून देता येत नव्हता. मग व्हायचं असं, की शेखरची फुलं पाहून गिऱ्हाईक कॅरेटवरचा नंबर लावायचं आणि मागणी जायची थोरल्याकडे. शेखर म्हणाला, भाऊ सांगत नाही. गजेंद्रभाऊ म्हणाले, कोणाचं कॅरेट होतं ते मला फोनमधून दिसतं का? एका दुपारी शेखरने काळ्या ऑइलपेंटचा डबा आणला आणि आपल्या दोनशे कॅरेटांवरचं नाव नि नंबर दोन्ही पुसून टाकले. दुसऱ्या दिवशी नवरा-बायकोने नवे नंबर घेतले. भावाचं नाव पुसलं, हे गजेंद्रभाऊंच्या जिव्हारी लागलं आणि येणं-जाणं संपलं.

रूपालीचं तर गजेंद्रभाऊंशी बोलणं तुटायचा प्रश्नच नव्हता, कारण ते कधी जुळलंच नव्हतं. ते तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यासमोर पदर घ्यायचा, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, त्यांच्या हातातून वस्तू घ्यायची नाही. त्यांनी ती खाली ठेवायची, मग आपण उचलायची. विसाव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या रूपालीने बावीस वर्षं हा रिवाज पाळला होता. काही सांगायचं तर 'ताई, भाऊजींना म्हणा' असं मोठ्या जावेला सांगायचं. गंमत म्हणजे भाऊजी दोन हातांवर बसलेले असायचे आणि सगळं ऐकत असायचे.

*

रविवारी गजेंद्रभाऊंच्या अंगणात मांडव पडला. रूपालीने फोन कमरेच्या बटव्यात घातला आणि मागच्या दाराने स्वयंपाकात शिरली. बेबीताई पुऱ्या तळत होत्या. त्यांनी जावेकडे पाहिलं, झाऱ्या तसाच हातात धरून.

"आलीस?"

"आली."

"मंग उभी काहून? लाट."

दोन वर्षांचा अबोला एवढ्यावर मिटला. बायकांचं भांडण पुरुषांच्या वतीने असलं की ते फार खोल जात नाही. रूपालीने पोळपाट ओढला. दहा-बारा पुऱ्या झाल्यावर बेबीताईंनी तेलाकडे बघतच विचारलं, "विपुलचा फोन?"

"नाही, ताई."

"दोन रविवार झाले ना?"

"तुमाले कसं माहीत?"

"शेषरावची बायको हाय ना गावात. पेपर कायले पायजे?" बेबीताईंनी डोळ्यांना पदर लावला; तेलाचा धूर होताच म्हणा. "माह्या हातचं खाऊन मोठा झाला तो. जातानी पाया पडाले नाही आला."

"त्याच्या बापानं येऊ नाही देल्लं. लय रडला त्या रात्री."

"तुह्या नवऱ्याले अक्कल नाही."

"तुमच्या नवऱ्याले तरी कुठं हाय?"

बेबीताई हसल्या. प्रणाली हिरव्या शालूत आत आली, काकूला पाहिलं आणि मेकअपची पर्वा न करता तिच्या गळ्यात पडली. "काकू, विपुल पायजे होता. पाटाजवळ भाऊ म्हणून कोण बसन माह्या?"

"तो असता तर बसण्यापेक्षा खाल्लंच जास्त असतं त्यानं," रूपाली म्हणाली आणि पुन्हा पोळपाटाकडे वळली.

चारला पाच मिनिटं होती. भटजींनी पाट मांडले. पातूरचे महादेवराव, म्हणजे मुलाचे वडील, लोडाला टेकून चहा पीत होते. शेखर मांडवाच्या खांबापाशी उभा होता. बसायला कुणी सांगितलं नव्हतं आणि न सांगता बसणाऱ्यांतला तो नव्हता. गजेंद्रभाऊ हाराच्या टोपल्या उघडत होते. हात फुलांत, म्हणून त्यांचा फोन नेहमीसारखा बाजूच्या खुर्चीवर, स्पीकर लावलेला.

रूपाली कुंकवाचं ताट घेऊन निघाली तेवढ्यात फोन वाजला. तिचा हात कमरेला गेला. पण वाजत होता तो खुर्चीवरचा. गजेंद्रभाऊंनी कोपराने बटण दाबलं.

"हॅलो, जय हिंद. विपुल भोयर के घर से बोल रहे हैं?"

गजेंद्रभाऊंनी कपाळाला आठ्या घातल्या. "अरे बाप्पा, आप फिर? दो बार बोला ना, यहाँ कोई विपुल नहीं है. दूसरा घर देखो, भैया."

आणि कापायला त्यांनी एका हाताने फोन उचलला.

ताट केव्हा खाली ठेवलं ते रूपालीला नंतरही आठवेना. पाचपन्नास माणसांदेखत ती भासऱ्यासमोर येऊन उभी राहिली. पदर खांद्यावर होता. "भाऊजी, फोन द्या इकडे," ती म्हणाली आणि ते देण्याची वाट न बघता तिने त्यांच्या हातातून तो ओढून घेतला.

"हॅलो! साहेब, रखना मत! मैं विपुल की माँ बोल रही. ये विपुलकाच घर है. सब घर उसकाच है!"

पलीकडून उस्तादने खात्री करून घेतली. "माताजी, पक्का? अभी तो बोले, कोई विपुल नहीं."

"गलती हो गई, साहेब. उसके बडे पापा है. उनको समझा नहीं."

फोनमध्ये कुणीतरी कुणाला हाक मारली, बुटांचा आवाज आला.

"आई?"

आवाज घोगरा होता, बसलेला, तरी त्याचाच. रूपाली खाली मांडवातच बसली. "बोल, राजा. काहून फोन नाही केला रे?"

"दोन डाव केला ना, आई. काका म्हणे कोनी विपुल नाही. मी उस्तादच्या बाजूलेच उभा होतो."

शेखर खांबापासून सुटला. "भाऊ, तू माह्या पोराले नाही म्हटलं? वाटणी माह्याशी झाली, पोराशी झाली का?"

"अरे, मले वाटलं फ्रॉडवाला हाय!" गजेंद्रभाऊंच्या हातात अजून हार लोंबत होता. "शेषरावले नाही का आला तसा फोन, तुमचा पोरगा पकडला म्हणून? अन् विपुलचा फोन माह्याकडे काहून येईन? तुमी तर नाव पुसलं माहं!"

"आता भांडू नका," रूपाली दोघांनाही म्हणाली. आवाज चढवला नाही, पण दोघेही थांबले. "पोट्टा ऐकून राहिला. पाचच मिनिटं हायेत."

"आई, तू काकाच्या घरी हायेस?" विपुलने विचारलं. "तुमी बोलता का एकमेकाईशी?"

"आत्तापासून. तू आमच्या नंबरवर काहून नाही लावला? चिठ्ठी देल्ली होती ना खिशात?"

"पयल्याच दिवशी पँट धुतली, आई. चिठ्ठीचा लगदा झाला. तुमचे नवे नंबर मले पाठच नव्हते. मले जगात एकच नंबर पाठ हाय, कॅरेटवरचा. लहानपनी दर उन्हाळ्यात मीच रंगवत होतो ना, काका डबा धरायचे."

गजेंद्रभाऊ तिथेच खुर्चीवर टेकले.

"आई," विपुलचा आवाज खाली आला, "मी उस्तादले म्हटलं, मी घरी जातो. नाही जमून राहिलं. पाय सुजले, तं ते काही नाही, पन घरचे ओळखतच नाही म्हटल्यावर… उस्ताद म्हणे, आज एक डाव अजून लावू, मंग ठरव. पन तू तं म्हटलं होतं, अर्ध्यातून आला तर दरवाजा…"

"ते मी खोटं बोलली," रूपाली म्हणाली. तिला आता रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. "मले रडू येऊन राहिलं होतं, म्हणून बोलली. तू गेल्यापासून दरवाजाले कडी नाही लावली मी. तुह्या बापाले इचार. नाही जमलं तर आज निघ. रातच्या गाडीनं ये, मी गरम भाकर टाकून देते. कोनी काही म्हणनार नाही."

"चार आठवडे झाले, कडी नाही लावली," शेखर म्हणाला. "चोरासाठी का तुह्यासाठी, मले आज समजलं."

फोनमध्ये विपुलने नाक ओढलं.

"दरवाजा उघडा असन," विपुल म्हणाला, "तं मंग थांबतो मी."

रूपालीने डोळे पुसले. "थांबतो?"

"थांबतो. पायाचं काय, सुजले तं उतरतीन."

मग एकच गलका झाला. बेबीताई झाऱ्या घेऊनच बाहेर आल्या होत्या; "पोटभर देतात का रे खाले?" हे त्यांनी जबलपूरला बिनफोनचंच ऐकू जाईल इतक्या जोरात विचारलं. पंजाबरावांना रायफल मिळाली का, हे हवं होतं. प्रणालीने फोनशी तोंड नेलं.

"ताई, नवरा कसा हाय?"

"इथंच बसला हाय, ऐकून राहिला."

"जिजाजी, आमची ताई लय भांडते. आत्ताच इचार करा."

पातूरचे पाहुणे हसले. "फौजी आहे, त्याचं ऐकलं पाहिजे," महादेवराव म्हणाले. उस्तादचा आवाज आला, चलो, टाइम हो गया. गजेंद्रभाऊ उठले, घाईने पुढे झाले.

"विपुल… मी बोलून राहिलो. काका."

"काका, नंबर बदलू नका."

"नाही बदलत, बेटा," ते म्हणाले, तोवर फोन बंद झाला होता.

भटजींनी मुहूर्त टळत आल्याची आठवण केली. भाऊ म्हणून पाटाजवळ कोण बसणार, यावर क्षणभर खोळंबा झाला. मग गजेंद्रभाऊंनी शेखरकडे न बघता म्हटलं, "शेखर, तू बस. त्याचा बाप हायेस, तूच बस." शेखर तरीही उभाच. पंजाबराव ओरडले, "आता काय लेखी पायजे?" तेव्हा तो बसला.

*

पुढच्या रविवारी सकाळी दहाला शेखरच्या फाटकाशी गाडी थांबली. गजेंद्रभाऊ उतरले, खाकरले. शेखर अंगणात कॅरेटांचा ढीग घेऊन बसला होता; हातात थिनरचं फडकं. काळा रंग निघता निघत नव्हता, पण एका कॅरेटवर 'बंधू' दिसायला लागलं होतं. गजेंद्रभाऊंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

रूपाली दारात आली. सवयीने तिने पदर घेतला.

"हा ठेव," त्यांनी फोन पुढे केला. खाली ठेवला नाही, ओट्यावर नाही, तिच्या हाताकडे धरला. "रविवारचा हा तुह्याजोळच राहू दे. पोट्ट्याले वाट पाहा लागू नये."

"अन् तुमचे मागणीचे फोन, भाऊजी? लग्नसराई हाय," ती म्हणाली. दुसऱ्यांदा ती त्यांच्याशी थेट बोलत होती आणि पहिल्या वेळेपेक्षा हे अवघड होतं.

"घेजो लिहून. कोनाचाही माल जाऊ दे. मी संध्याकाळी येतो च्या प्याले." ते वळले, आणि वळल्यावर म्हणाले, "फोनवर मी नाही म्हटलं, ते मले खरंच फ्रॉड वाटला म्हणून. पन थोडा रागही होता, बाई. खोटं नाही बोलत."

रूपालीने त्यांच्या हातातून फोन घेतला. "माहीत हाय मले. च्याले या."

गाडी वळणावरून दिसेनाशी होते न होते तोच फोन वाजला. शेखर फडकं टाकून उठला. दहाच वाजले होते, तरी रूपालीने घाईने बटण दाबलं. पलीकडे अकोल्याचा फुलवाला होता. गजेंद्रभाऊ कुठे गेले, म्हणून विचारत होता. तिने कागद-पेन्सिल ओढली.

"त्यायचाच नंबर हाय. मी त्यायची भावजय बोलून राहिली. बोला, शेवंतीचे किती कॅरेट पायजे?" तिने लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं. "हो, पोचतीन परवा. अन् एक सांगते दादा, काही राहिलं असन तं पुन्हा लावजा, पन चार ते पाच नका लावू. तेवढा एक तास या नंबरवर माह्या पोराचा हाय."